'रीसेंट' यादी कुणाच्या मालकीची?

मागच्या पावसाळ्यात भाडेकरार टाईप करून घ्यायला मी कोर्टाजवळच्या एका दुकानात गेले होते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाकावर नंबर लावून बसलेली पाच माणसं. माझा नंबर आला. ऑपरेटरदादांनी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडला आणि कोरं पान यायच्या आधी स्क्रीनभर चौकोन उमटले. शेवटी उघडलेल्या फायली, प्रत्येकीच्या पहिल्या पानाच्या छोट्या चित्रासकट. पहिल्या चौकोनात घटस्फोटाचा अर्ज होता. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, गाव. मी नजर वळवली, पण तोवर वाचून झालं होतं.

"ताई, ते आधीच्यांचं आहे," दादा ओशाळून म्हणाले आणि घाईने नवीन पान उघडलं.

वीस मिनिटांत माझा करार तयार झाला. उठताना लक्षात आलं की आता पहिल्या चौकोनात मी आहे. माझं नाव, घराचा पत्ता, भाडं, डिपॉझिट. आणि माझ्यामागे बाकावर अजून चार माणसं बसली होती.

दादांची यात काही चूक नव्हती. चूक त्या लोकांची, ज्यांनी कुठल्यातरी एसी ऑफिसात बसून ठरवलं की प्रोग्रॅम उघडल्या उघडल्या हे सगळं मोठ्या चित्रांत दाखवायचं. ही माणसं कशी विचार करतात ते मला नीट माहीत आहे, कारण मी त्यांच्यातलीच आहे. मी डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर बनवते. अशी एक यादी मीही बनवली आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे थोडी तक्रार आणि थोडा कबुलीजबाब.

"दोन दिवसांचं काम आहे"

आमचा प्रोग्रॅम घरांचे नकाशे काढणाऱ्यांसाठी आहे. एका घराचा एक प्रोजेक्ट. 'नुकतेच उघडलेले प्रोजेक्ट' ही यादी करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, "दोन दिवसांचं काम आहे, शुक्रवारपर्यंत टाक."

कोड म्हणून बघितलं तर ते खरंच होतं. प्रोजेक्ट उघडला की त्याचा पत्ता यादीच्या डोक्यावर ठेवायचा. तोच पत्ता खाली आधीपासून असेल तर तो खालचा काढायचा. दहाच्या वर गेले की अकरावा सोडून द्यायचा. बस्स. पंधरा-वीस ओळींत होतं.

कल्पनाही जुनी आहे. 1994 साली ॲपलच्या सिस्टिम 7.5 मध्ये अलीकडच्या फायली मेनूतून उघडायची सोय आली. 1995 च्या विंडोज 95 मध्ये स्टार्टच्या मेनूत 'डॉक्युमेंट्स' होतं, त्यात शेवटच्या 15 फायली दिसायच्या. वर्डच्या जुन्या फाईल मेनूत तळाशी चार नावं असायची, आकडे लावलेली. 1 दाबलं की कालचं पत्र उघडायचं. ती संख्या वाढवून 9 करता यायची, कारण त्यापुढे एका बोटाने दाबायला आकडाच नव्हता. चित्र नाही, रंग नाही, सल्ला नाही. तू हे उघडलं होतंस, पुन्हा हवंय का, एवढंच ती यादी विचारायची.

यामागचा विचार साधा आहे. आठवून सांगणं अवघड असतं, बघून ओळखणं सोपं असतं. कुठल्या फोल्डरच्या आतल्या कुठल्या फोल्डरात काय ठेवलंय हे आठवत बसण्यापेक्षा नाव दिसलं की हात पुढे जातो. तुम्ही हे फोनवर वाचत असाल आणि फोनवर 'फाईल नेमकी कुठे आहे' हा प्रश्न क्वचितच पडतो. पण कॉलेजचा प्रोजेक्ट, ऑफिसातलं काम, एखादा व्हिडिओ एडिट करणं, या सगळ्यासाठी डेस्कटॉपसमोर बसलात की रोज सकाळी पहिला क्लिक बहुतेक याच यादीवर पडतो.

म्हणून माझं म्हणणं असं की ही यादी वापरणाऱ्याची आठवण आहे. आठवणीकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते: तिने खरं सांगावं, जागच्या जागी सापडावं आणि विसर म्हटलं की विसरावं. आम्ही धंदेवाल्यांनी या तिन्हींचा विचका केलाय.

हलणारी यादी

आधी जागेचं बोलू. शेवटचं उघडलेलं सगळ्यात वर, हा नियम समजायला सोपा आहे. पण त्याचा अर्थ असा की प्रत्येक वापरानंतर यादी हलते. काल दुसऱ्या ओळीवर असलेला प्रोजेक्ट आज चौथ्यावर. स्वयंपाकघरात मिठाचा डबा रोज वेगळ्या फळीवर ठेवला तर काय होईल?

यावर आमच्याकडचे हुशार लोक म्हणतात, मग आपण अजून हुशार होऊ. किती वेळा उघडलं, किती अलीकडे उघडलं, याचा गुणाकार करून क्रम लावू. फायरफॉक्सने 2008 मध्ये पत्त्याच्या पट्टीसाठी असंच गणित आणलं आणि तिथे ते छान चालतं, कारण तिथे आपण दोन अक्षरं टाईप करून शोधत असतो. पण न टाईप करता नुसती बघायची यादी अशा गणिताने लावली की वापरणाऱ्याला क्रमाचं कारणच कळत नाही. एखादी गोष्ट वर का आणि खाली का, याचं उत्तर फक्त प्रोग्रॅमला ठाऊक.

हा प्रयोग याआधी होऊन फसलाय. ऑफिस 2000 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःला जुळवून घेणारे मेनू आणले. जे तुम्ही कमी वापरता ते लपवायचं, जे वापरता ते दाखवायचं. परिणाम असा की लोकांना वाटायला लागलं, ती सोय गेलीच कुठे? 2007 च्या ऑफिसमध्ये ते मेनू बाद झाले आणि कायम दिसणारी रिबन आली.

खरा उपाय फार आधीपासून आपल्याकडे आहे: टाचणी. ऑफिस 2007 च्या यादीत नावापुढे ती आली, 2009 च्या विंडोज 7 मध्ये टास्कबारवरच्या याद्यांतही आली. जे मला कायम हवं ते मी टोचून ठेवते. तो भाग वर, वेगळा, आणि मी हलवल्याशिवाय न हलणारा. त्याखाली उरलेलं, निव्वळ वेळेच्या क्रमाने. यात एक बारीक गोष्ट: 'उघडलं' म्हणजे माणसाने उघडलं. प्रोग्रॅमने सुरू होताना आपणहून कालचा प्रोजेक्ट उघडला, तर त्याची नोंद माझ्या नावावर का? आणि यादी माझ्या डोळ्यांसमोर असताना तिने जागचं हलू नये. बोट टेकवायच्या क्षणी ओळ सरकली की चुकीचा प्रोजेक्ट उघडतो. मोठ्या प्रोजेक्टला उघडायला दोन मिनिटं लागतात, मग बंद करायला पुन्हा वाट बघा.

दार बंद आहे म्हणून घर पाडू नका

आता खरेपणाचं. पेन ड्राइव्हवरचा प्रोजेक्ट काल उघडला होता, आज पेन ड्राइव्ह घरी राहिला. यादीने काय करावं?

बरेच प्रोग्रॅम ती ओळ गुपचूप गाळून टाकतात. फाईल सापडत नाही ना, मग दाखवायची कशाला? माझ्या पहिल्या आवृत्तीत मीही हेच केलं होतं. नकाशे काढणाऱ्या एका बाईंचा फोन आला, आवाज रडवेला. सहा महिन्यांचं काम यादीतून गायब झालं होतं. त्यांना वाटलं, प्रोजेक्टच गेला. प्रत्यक्षात ऑफिसातला सामायिक ड्राइव्ह तेवढा बंद होता. काम सुरक्षित होतं, पण ते सुरक्षित आहे हे सांगणारी एकमेव ओळ मी पुसली होती.

शेजाऱ्यांचं दार बंद दिसलं म्हणून आपण त्यांचं घर पाडत नाही. ती ओळ फिकी करावी, 'ही फाईल अमुक ठिकाणी होती, आत्ता ते ठिकाण सापडत नाही' असं लिहावं आणि 'शोधा' हे बटण द्यावं. आणि हो, प्रोग्रॅम सुरू होताना एकेक पत्ता तपासत बसू नये. त्यातला एक जरी झोपलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर असला की अख्खी खिडकी गोठते. आधी यादी दाखवा, तपासणी मागून करा.

मराठीत बटणावर काय लिहायचं हा तर वेगळाच घोळ. आमच्या मराठी आवृत्तीत ओळीवर उजवा क्लिक केला की 'काढा' असं येत होतं. करणाऱ्याच्या मनात होतं, यादीतून काढा. पण "ती पाटलांची फाईल काढ जरा" असं ऑफिसात कुणी म्हणालं की आपण ती फाईल कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवतो. आपण नकाशाही काढतो, फोटोही काढतो. एक शब्द, आणि त्याचे अर्थ तीन: उघडा, नाव गाळा किंवा फाईलच नष्ट करा. असं बटण दाबायला कुणाचा हात थरथरणार नाही? शेवटी आम्ही लांबलचक लिहिलं: 'यादीतून नाव गाळा (फाईल तशीच राहील)'. दिसायला बोजड, पण त्यानंतर त्याबद्दल फोन आला नाही.

नावांचंही तसंच. माणसं फायलींना कशी नावं देतात ते सगळ्यांना माहीत आहे. 'कुलकर्णी बंगला फायनल', 'कुलकर्णी बंगला फायनल 2', 'कुलकर्णी बंगला फायनल खरंच'. यातला फरक कुठे आहे? शेवटी. आणि जागा पुरली नाही की आम्ही काय कापतो? शेवट. मग यादीत एकाखाली एक तीन वेळा 'कुलकर्णी बंगला फा…' दिसतं. कापायचंच तर मधून कापा. आणि कापताना जोडाक्षर मधेच तोडू नका. पाय मोडलेलं अक्षर शेवटी लोंबकळताना दिसलं की कळतं, हे लिहिणाऱ्याने देवनागरीत एकदाही तपासून पाहिलेलं नाही. नावाखाली फोल्डर लिहा, तारीख लिहा. एकाच नावाचे दोन प्रोजेक्ट असणं ही चूक मानू नका, रोजच्या कामात असं होतंच.

मोक्याची जागा

इथवरच्या चुका आळसाच्या होत्या. आता लोभाच्या चुकीकडे येते.

आमची यादी तयार झाल्यावर सहा महिन्यांनी एक मीटिंग झाली. पडद्यावर आकडे आले: प्रोग्रॅम उघडल्यावर लोकांची नजर आणि क्लिक सगळ्यात जास्त कुठे जातात? माझ्या यादीवर. मला क्षणभर बरं वाटलं. मग विक्रीवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "म्हणजे ही मोक्याची जागा आपण फुकट घालवतोय." प्रस्ताव असा होता की तिसऱ्या ओळीवर 'तुमच्यासाठी' म्हणून एक तयार डिझाईन टाकायचं. विकतचं. बाकीच्या ओळींसारखंच दिसेल असं.

'बाकीच्या ओळींसारखंच' यातच सगळं आलं. त्या जागी नजर का जाते? कारण इतकी वर्षं तिथे फक्त माझंच काम असायचं. मी वाचतसुद्धा नाही, हात आपोआप जातो. त्या न वाचता जाणाऱ्या हाताखाली विकायची वस्तू सरकवणं म्हणजे गर्दीत खिसा कापण्यासारखं आहे. माणसाचं लक्ष नाही हेच ज्याचं भांडवल, त्याला काय म्हणायचं?

हे फक्त आमच्या छोट्या कंपनीत घडत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आलं तेव्हा स्टार्ट मेनूतल्या अलीकडच्या फायलींच्या जागेला नाव मिळालं 'रेकमेंडेड'. म्हणजे शिफारस केलेलं. मी काल उघडलेली माझीच फाईल, आणि तिची मला शिफारस! तेव्हा हा फक्त शब्दांचा घोळ वाटला होता. एप्रिल 2024 मध्ये त्याच चौकटीत मायक्रोसॉफ्टच्या दुकानातल्या ॲप्सच्या जाहिराती दिसायला लागल्या. त्या बंद करता येतात, पण न विचारता चालू झाल्या होत्या. 'अलीकडचं' या शब्दाला एक मर्यादा असते. जे मी उघडलंच नाही ते तिथे येऊ शकत नाही. 'शिफारस' या शब्दाला तशी मर्यादा नाही. म्हणून आधी नाव बदललं जातं, माल नंतर येतो.

समोरच्यांची बाजू मला कळते. पगार कुठूनतरी द्यावे लागतात. नवीन माणसाने पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडला की यादी रिकामी असते, तेव्हा त्याला काहीतरी नमुने दाखवणं उपकारक असतं. मान्य. रिकाम्या यादीच्या जागी नमुने दाखवा, ते नमुने आहेत असं लिहून दाखवा, आणि माणसाचा पहिला प्रोजेक्ट आला की बाजूला व्हा. जाहिरात करायची तर वेगळ्या चौकटीत करा, वेगळ्या रंगात, 'जाहिरात' असं लिहून. वर्तमानपत्रं इतकी वर्षं असं करतायत. त्यांनी बातमीच्या वेषात जाहिरात छापली की आपण चिडतो, मग इथे का चिडू नये?

विसरायचा हक्क

आणि शेवटी विसरण्याबद्दल. कोर्टाजवळच्या दुकानात मला जे दिसलं त्याचं मूळ इथे आहे.

या याद्या बनवणारे आम्ही असं धरून चालतो की एक कॉम्प्युटर म्हणजे एक माणूस. आपल्याकडे एक कॉम्प्युटर म्हणजे टायपिंगचं दुकान, महा ई-सेवा केंद्र, कॉलेजची लॅब, किंवा घरातल्या हॉलमधला एक लॅपटॉप, ज्यावर बाबा रिटर्न भरतात, ताई डिझाईन करते आणि धाकटा गेम खेळतो. सगळे एकाच लॉगिनने. तिथे 'तुमच्या अलीकडच्या फायली' म्हणजे 'सगळ्यांच्या सगळ्या फायली'.

नुसतं नावसुद्धा पुरेसं बोलतं. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याने आपली स्क्रीन सगळ्यांना दाखवली आणि प्रोग्रॅम उघडताच पहिल्या ओळीत नाव आलं: 'राजीनामा'. फाईल उघडायची गरजच पडली नाही. त्याचा बॉस समोर होता.

बरं, पुसायचं म्हटलं तरी पुसलं जात नाही. प्रोग्रॅमची स्वतःची एक यादी असते. विंडोजची वेगळी असते. तिथे 'रीसेंट' नावाच्या फोल्डरात शॉर्टकट जमतात आणि रजिस्ट्रीतही नोंदी राहतात. कॉम्प्युटरवरच्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांना या नोंदी चांगल्या परिचयाच्या आहेत, कोणी कोणती फाईल उघडली हे त्यातून कळतं. लिनक्सवर बऱ्याच प्रोग्रॅम्सची मिळून अशा नोंदींची एक साधी फाईल असते. त्यात भर म्हणजे खात्याने लॉगिन केलं असेल तर यादी ढगात जाते आणि घरी उघडलेलं ऑफिसात दिसतं. एका ठिकाणी 'साफ करा' दाबून माणूस निर्धास्त होतो, आणि बाकी ठिकाणी सगळं जसंच्या तसं असतं.

ही वाट कुठे जाते तेही आपण पाहिलंय. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' जाहीर केलं: दर काही सेकंदांनी स्क्रीनचं चित्र काढून ठेवायचं, म्हणजे नंतर काहीही शोधता येईल. सुरक्षेच्या जाणकारांनी दाखवून दिलं की साठवलेला तो मजकूर सहज वाचता येतोय. आरडाओरडा झाला, आणि जूनमध्ये कंपनीला सांगावं लागलं की कुणी स्वतःहून चालू केल्याशिवाय ते चालू होणार नाही. हे म्हणजे 'रीसेंट' यादीचंच वाढलेलं रूप. पायरी पायरीने चढलं की कुठलीच पायरी उंच वाटत नाही.

"लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाला?" हा प्रश्न मला मीटिंगमध्येही विचारला गेला. माझं उत्तर तो घटस्फोटाचा अर्ज. त्या बाईंनी कुठलाही गुन्हा केला नव्हता. त्यांचं दुःख मला, एका अनोळखी बाईला, वाचायला मिळावं एवढा हक्क माझा नक्कीच नव्हता.

मग यादी कशी हवी? पहिल्या दिवशी विचारा: लक्षात ठेवू का? छोटी चित्रं माणूस चालू करेल तेव्हाच. 'ही फाईल लक्षात ठेवू नका' ही सोय यादीतच, चार खिडक्या आत नाही. 'सगळं पुसा' म्हटलं की स्वतःची यादी, चित्रं आणि सिस्टिमकडे दिलेल्या नोंदी, सगळं पुसा, आणि जे पुसता आलं नाही ते तसं सांगा. यादी त्या कॉम्प्युटरबाहेर न विचारता जाऊ देऊ नका. हे सगळं करायला दोन दिवस पुरत नाहीत. मला तीन आठवडे लागले, आणि तिसरी ओळ विकायला मी नाही म्हटलं. ती ओळ सध्या तरी वाचली आहे. पुढच्या वर्षीच्या मीटिंगचं सांगता येत नाही.

भाडेकराराची प्रत न्यायला मी आठवड्याने पुन्हा त्या दुकानात गेले. दादा दुकान बंद करायच्या बेतात होते. प्रिंट देऊन झाल्यावर ते एकेक कोरी फाईल उघडत आणि बंद करत बसले. एक, दोन, तीन. मी विचारलं, हे काय?

"रोज करतो, ताई. कोऱ्या फायली उघडल्या की लोकांची नावं खाली सरकत सरकत जातात. सकाळी येणाऱ्याला काही दिसत नाही."

त्या प्रोग्रॅममध्ये यादीची संख्या शून्य करायची सोय होती. सेटिंगमध्ये, 'ॲडव्हान्स्ड'च्या पानावर, बरंच खाली. विंडोजमध्येही अलीकडच्या फायली दाखवणं बंद करायचं बटण आहे, 'पर्सनलायझेशन'मध्ये 'स्टार्ट'खाली. मी दोन्ही करून दिलं. पाच मिनिटं लागली. दादा हसले. म्हणाले, "हे आधीपासून होतं होय यात?"

होतं. आम्हीच ते तिथे खोल पुरून ठेवलं होतं.